तीन फुटी खाऱ्या पाण्याच्या टँकसाठी फिल्टर: कॅनिस्टर पुरेल की सम्प-स्किमरच हवा?

मृण्मयी_नेरूळ

नमस्कार मंडळी. गोड्या पाण्याचं बऱ्यापैकी जमतं, खाऱ्या पाण्याचा हा पहिलाच टँक, त्यामुळे यंत्रं विकत घेण्याआधी विचारून घेते.

टँक ९०×४५×४५ सेंमी, १० मिमी काच, टफन्ड नाही, भोक अजून पाडलेलं नाही. एक जुना दोन फुटी टँक (६०×३५×३५ सेंमी) रिकामा आहे, तो स्टँडखाली सम्प (फिल्टरची यंत्रं ठेवायचा खालचा टँक) म्हणून बसतो. शिवाय एक कॅनिस्टर (बंद डब्याचा, टँकबाहेर बसणारा फिल्टर) पडून आहे, खोक्यावर ताशी १००० लिटर लिहिलंय. ठेवायचंय एवढंच: क्लाउनफिशची जोडी, एक-दोन गोबी, आणि सहा महिन्यांनी मश्रूम, लेदर असे सॉफ्ट कोरल.

दुकानात सांगतात की कॅनिस्टरमध्ये बायोबॉल भरा आणि सोबत यूव्ही (पाणी निर्जंतुक करणारा दिवा) लावा, बाकी काही लागत नाही. नेटवर जो तो स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) म्हणतो. नक्की काय घेऊ, आणि पंप किती ताकदीचा? चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, पावसाळ्यात अधूनमधून तास-दोन तास वीज जाते, हेही लक्षात घ्या.

खारवा (ठाणे, कोलशेत)

ताई, भोक पाडण्याआधी विचारलंत ते फार बरं केलंत.

या टँकमध्ये मुख्य फिल्टर असणार आहे दगड. सच्छिद्र खडकावर आणि आतल्या पोकळ्यांत बॅक्टेरिया बसतात, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट तेच करतात. खडक खोलवर सच्छिद्र असेल तर ऑक्सिजन न पोचणाऱ्या भागात थोडं नायट्रेटही संपतं. तुमच्या मापाला १५ ते १८ किलो पुरे. बायोबॉलचं काम दगड आधीच करतोय, त्यांच्यावर पैसे घालू नका. दगड ‘ड्राय रॉक’च घ्या. किनाऱ्यावरून फोडून आणलेला, पोवळ्यांसकट असलेला दगड कोणी देऊ केला तर हात लावू नका. आपल्याकडची दगडी पोवळी २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत.

आता कॅनिस्टर. तो वाईट नाही, पण त्याची रचनाच अशी की माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं स्पंजात अडकतं आणि वाहत्या पाण्यातच कुजत राहतं. पाणी काचेसारखं दिसतं, नायट्रेट मात्र चढत जातं. गोड्या पाण्यात झाडं ते खातात, इथे कोण खाणार? दर आठवड्याला उघडून धुतला तरच चालतो, आणि महिनाभराने ते कोणाच्यानं होत नाही. वीज गेल्यावरचा धोका वेगळाच. बंद डब्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो, आतले बॅक्टेरिया मरायला लागतात, आणि वीज आली की ते सडकं पाणी थेट माशांवर येतं. कॅनिस्टर दोन-तीन तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर उघडून, मीडिया टँकच्याच काढलेल्या पाण्यात खळबळून मगच चालू करायचा.

स्किमरचा फायदा इथेच आहे. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक होतात आणि एकमेकांत मिसळत नाहीत. त्या बुडबुड्यांना प्रथिनं आणि तेलकट घाण चिकटते, फेस होऊन वर चढते आणि कपात जमा होते. म्हणजे घाण कुजून अमोनिया व्हायच्या आतच पाण्याबाहेर. शिवाय पाण्यात भरपूर हवा मिसळते, ती आपल्याकडच्या उन्हाळ्यात फार कामाची.

तुमचा सम्प धरून एकूण पाणी साधारण २०० लिटर होईल. ३०० ते ४०० लिटरला रेट केलेला नीडल-व्हील स्किमर घ्या. अगदी २०० चा घेतला तर कमी पडतो, आणि १००० चा घेतला तर दोन माशांच्या घाणीवर फेस मानेपर्यंत चढतच नाही. घेताना तीन मापं विचारा: तळाची लांबी-रुंदी, चालताना लागणारी पाण्याची खोली (बहुतेकांना १८ ते २३ सेंमी) आणि एकूण उंची. कप वर उचलून काढावा लागतो, म्हणून स्टँडच्या आत स्किमरच्या वर १२-१५ सेंमी मोकळे हवेतच.

सम्पमध्ये असे भाग करा: पहिले ३० सेंमी सॉक (पाणी गाळणारी कापडी पिशवी) आणि स्किमरसाठी, तिथे पाणी २२ सेंमी. मग १२ सेंमीत बुडबुडे अडवणाऱ्या तीन काचा, दोन काचांमध्ये ३ सेंमी फट. शेवटचे १८ सेंमी रिटर्न पंपाला, म्हणजे पाणी परत वर चढवणाऱ्या पंपाला. काचा चिकटवायला बुरशीरोधक औषध नसलेलं साधं सिलिकॉन घ्या. बाथरूमसाठी मिळतं ते नको.

पंपाच्या खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. तुम्हाला पाणी सव्वा मीटरच्या आसपास चढवायचंय, वर दोन-तीन एल्बो. ताशी २००० लिटर आणि कमाल उंची २.५ ते ३ मीटर लिहिलेला पंप वर साधारण निम्मंच पाणी देईल, आणि ताशी हजार लिटर म्हणजे तुम्हाला हवं तेवढंच. सम्पमधून याहून जास्त फिरवून आवाज आणि बुडबुडे सोडून काही मिळत नाही. टँकच्या आतला प्रवाह वेगळा, तो वेव्हमेकरचं, म्हणजे टँकमध्येच बसणाऱ्या प्रवाह-पंपाचं काम. ताशी दोन-दोन हजारांचे दोन, समोरासमोर नाही तर थोडे तिरके, म्हणजे दगडामागे घाण साचत नाही.

आता हिशोब, कारण घरात पाणी इथेच सांडतं. तुमच्या टँकमध्ये १ सेंमी पाणी म्हणजे ४ लिटर. वीज गेली की ओव्हरफ्लोच्या (टँकचं पाणी खाली सम्पकडे सोडणाऱ्या बॉक्सच्या) दातांपर्यंत साधारण ३ सेंमी, म्हणजे १२ लिटर, आणि पाइप-बॉक्समधलं ५ लिटर खाली येणार. सम्पमध्ये १ सेंमी म्हणजे २.१ लिटर, तेव्हा तिथली पातळी ८ सेंमी चढणार. सरासरी २०-२१ वर चालत असेल तर २९ वर थांबेल, काच ३५ ची. निभावलं. पण रिटर्नचं तोंड पाण्यात १० सेंमी खोल ठेवलंत तर उलटा सायफन लागून ४५ लिटर खाली येईल आणि त्यातलं १५ लिटर तरी जमिनीवर. म्हणून तोंड पृष्ठभागाच्या १-२ सेंमीच खाली ठेवा आणि पाइपला पातळीच्या जरा खाली ४-५ मिमीचं भोक पाडा. पाणी तिथवर उतरलं की हवा शिरून सायफन तुटतो. भोकात शेवाळ किंवा बारीक गोगलगाय बसते, आठवड्याला काडी फिरवायची. चेक व्हॉल्व्हवर विसंबू नका. त्याच्या झडपेवर चुना बसतो आणि नेमका गरजेच्या वेळी तो पूर्ण मिटत नाही.

मासे आणण्याआधी पाच-सहा वेळा पंपाची पिन काढून बघा. पाणी कुठे थांबतं ते दिसेल. चालू असतानाची पातळी मार्करने सम्पवर आखून ठेवा, त्या रेघेच्या वर कधीही भरायचं नाही.

भरती_ओहोटी

खारवांचं गणित बरोबर आहे. निष्कर्षाशी मी अर्धाच सहमत.

दोन क्लाउन आणि एक गोबी एवढाच भार असेल तर स्किमर पहिल्या दिवशी लागत नाही. दगड, चांगला प्रवाह आणि दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलणं यावर तीन फुटी टँक व्यवस्थित चालतो. मात्र पाणी बदलून नायट्रेट किती खाली येणार हे आधीच समजून घ्या. आठवड्याला ४ पीपीएम (दहा लाखात ४ भाग) वाढत असेल आणि तुम्ही १० टक्के बदलत असाल, तर आकडा चढत चढत ४० च्या आसपास जाऊन थांबेल. वाढ १ पीपीएमची असेल तर १० वर थांबेल. सॉफ्ट कोरलना ५ ते १५ मानवतं. म्हणजे स्किमर घ्यायचा की नाही हे तुमचं टेस्ट किट सांगेल: सलग दोन आठवडे पाणी न बदलता मोजा, वाढ २ च्या वर असेल तर घ्या.

कॅनिस्टरही फेकू नका. सगळे स्पंज आणि रिंगा काढून त्यात फक्त कापूस आणि जाळीच्या पिशवीत १०० ग्रॅम कार्बन घाला. कापूस दर चार दिवसांनी बदलायचा, कार्बन दर तीन-चार आठवड्यांनी. कार्बनने पाण्याचा पिवळेपणा जातो, आणि लेदर कोरल पाण्यात जी रसायनं सोडतं तीही तो ओढून घेतो.

भाड्याचा फ्लॅट असेल तर भोक आणि सम्प यांचा खरोखर फेरविचार करा. भोक न पाडता काठावर टांगायचे जे सायफन ओव्हरफ्लो मिळतात ते तर अजिबात नकोत. त्यात हवा साचली की सायफन तुटतो, रिटर्न पंप मात्र ढकलतच राहतो आणि टँक वरून वाहतो.

यूव्ही मात्र आत्ता नको.

मृण्मयी_नेरूळ

दोघांचेही मनापासून आभार. घर स्वतःचं आहे, त्यामुळे भोक पाडून सम्पच करते. स्किमर पहिल्यापासून ठेवते, मोजत बसण्याचा धीर नाही.

आणखी तीन गोष्टी. एक, ओव्हरफ्लोला किती पाइप आणि कुठला व्हॉल्व्ह? सोसायटीचा प्लंबर पितळी गेट व्हॉल्व्ह टाकतो म्हणतोय, ‘आयुष्यभर बघायला नको’. दोन, घरातल्या प्युरिफायरचं आरओ पाणी चालेल का? तीन, वीज आणि उन्हाळा.

कोलशेत_रीफ

प्लंबरला आत्ताच थांबवा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. खाऱ्या पाण्यात ते सतत झिजतं आणि तांबं अगदी सूक्ष्म प्रमाणातही कोळंबी, गोगलगायी आणि कोरल मारतं. त्यात दगड आणि वाळू ते शोषून ठेवतात आणि पुढे महिनोन्‌महिने सोडत राहतात. पूर्ण मार्गावर फक्त यूपीव्हीसी, आणि त्यातही युनियनवाला बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे उद्या उघडून धुता येईल. टँक निपलच्या (काचेच्या भोकात बसणाऱ्या जोडाच्या) आत पितळी चुडी बसवलेली नाही ना, हे दुकानातच डोळ्यांनी बघून घ्या. सॉल्व्हंट लावल्यावर एक दिवस वाळू द्या आणि साध्या पाण्याने एकदा फिरवून ते पाणी टाकून द्या. स्टँडच्या आत स्टीलचे क्लॅम्पही नकोत, नायलॉनच्या पट्ट्या लावा.

पाइप दोन, दोन्ही एक इंची. एकाला व्हॉल्व्ह, त्याचं तोंड पाण्याखाली राहील असं बसवा. व्हॉल्व्ह हळूहळू आवळत आणायचा, मग पाइप पाण्याने भरून चालतो आणि गुडगुड आवाज बंद होतो. दुसरा थोडा उंच, एरवी कोरडा, त्याला व्हॉल्व्ह नाही. पहिल्यात गोगलगाय किंवा पान अडकलं तर पाणी दुसऱ्यातून पडायला लागतं, त्याचा आवाज येतो आणि तोच तुमचा भोंगा. भोकाचा व्यास निपल हातात घेऊन मोजूनच ठरवा. भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान भोकाच्या व्यासाएवढं अंतर सोडा, नाहीतर तडा तिथूनच जातो.

आता पाणी. स्वयंपाकघरातल्या बहुतेक प्युरिफायरमध्ये टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, म्हणजे आरओ झालेल्या पाण्यात चवीसाठी पुन्हा क्षार मिसळले जातात. आपल्याला तेच नको असतं. मेम्ब्रेननंतर लगेच टी (तीन तोंडांचा जोड) टाकून पाणी घ्या आणि पुढे डीआय रेझिनची (उरलेले क्षार शोषणारी) नळी जोडा. शेवटी टीडीएस मीटरवर शून्य आलं पाहिजे. मेम्ब्रेन साधारण ९५ टक्के क्षार अडवतो. धरणाचं पाणी ८० आलं तर मेम्ब्रेननंतर ४ राहतात आणि रेझिन महिनोन्‌महिने टिकतं. नेरूळला मोरबे धरणाचं पाणी येतं, तो तुमचा फायदा. पण सोसायटीच्या टाकीत टँकर किंवा बोअरचं पाणी मिसळत असेल तर ६०० चे ३० राहतात, आणि तेच रेझिन सात-आठ पट लवकर संपतं. म्हणून नळाचं पाणी दर महिन्याला मोजा, एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला. पावसाळ्यात गढूळपणा वाढतो तेव्हा सेडिमेंट कार्ट्रिजच्या रंगावर लक्ष ठेवा, आणि कार्बन ब्लॉक वेळेवर बदला, कारण क्लोरीन पुढे गेला तर मेम्ब्रेन कायमचा खराब होतो.

मीठ: २० लिटरच्या कॅनला साधारण ७२० ग्रॅम रीफ सॉल्ट. आधी पाणी, मग मीठ. उलट केलंत तर कॅल्शियम पांढरं होऊन तळाला बसतं. आत छोटा पंप टाकून रात्रभर फिरवा आणि ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग क्षार) आलं का ते रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या यंत्रावर बघा. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या द्रावणावर जुळवायचा, नुसत्या साध्या पाण्यावर जुळवलेला वरच्या टोकाला चुकतो. मिठागरातलं खडेमीठ स्वस्त दिसतं, पण ते चालत नाही. समुद्राचं पाणी आटताना मीठ आधी बसतं आणि मॅग्नेशियम वगैरे मागच्या कडवट पाण्यात राहून जातं, म्हणजे त्या खड्यात जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइडच असतं. खाडीचं पाणी आणायचा तर विचारच नको.

सायकलिंगसाठी, म्हणजे मासे आणण्याआधी बॅक्टेरिया वाढवण्यासाठी, मासा टाकून त्याला अमोनियात जाळू नका. प्रयोगशाळेच्या दर्जाचं अमोनियम क्लोराइड आणा. २०० लिटरला सव्वा ग्रॅम टाकलं की अमोनिया २ पीपीएम होतो. हे रसायन म्हणजे आपल्या कल्हईवाल्यांचा नवसागरच, पण बाजारातल्या नवसागराच्या वडीत काय काय मिसळलेलं असतं ते कळत नाही, ती वापरू नका. दोन पीपीएम टाकल्यावर २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले की टँक तयार. चार ते सहा आठवडे धरून चाला. या काळात स्किमर बंद ठेवला तरी चालतो.

खारवा (ठाणे, कोलशेत)

वीज आणि उन्हाळा माझ्याकडे लागले, तर सविस्तर लिहितो.

वीज गेल्यावर आधी संपतो तो ऑक्सिजन. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच गोड्यापेक्षा जवळजवळ पाचव्या हिश्शाने कमी मावतो, आणि पाणी तापेल तसा आणखी कमी. इन्व्हर्टरवर आधी एक वेव्हमेकर, तोंड वर करून, म्हणजे पृष्ठभाग हलत राहील. तो ५ ते १० वॅटचा असतो, बॅटरीला कळतही नाही. जमलं तर रिटर्न पंपही. स्किमर आणि लाइट तास-दोन तास बंद राहिले तर काही बिघडत नाही. इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा. स्क्वेअर वेव्हवर एसी पंप घरघरतात, तापतात आणि त्यांची कॉइल जाते. याशिवाय वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप एक घरात ठेवाच.

तापमान २५ ते २७ ठेवायचं. पृष्ठभागावर दोन छोटे पंखे लावले तर एप्रिलमध्ये २-३ अंश उतरतात, पण ते बाष्पीभवनाच्या जोरावर. जुलैत हवाच ओलसर असते, तेव्हा पंखा फिरतो आणि पाणी तसंच राहतं. कोरल ठेवणार असाल तर चिलरसाठी सम्पशेजारी जागा आणि पाइपात दोन युनियन (खोलता येणारे जोड) आत्ताच सोडा. चिलर स्टँडच्या बंद कपाटात ठेवू नका, तो स्वतःच्याच गरम हवेत तापत बसतो.

पंख्यांनी दिवसाला ३-४ लिटर पाणी उडेल. मीठ उडत नाही, म्हणून भरायचं ते साधं आरओ-डीआय पाणी, खारं नाही. चार लिटर कमी झालं की ३५ चे ३५.७ होतात, दोन दिवस विसरलं की साडेछत्तीस. आणि ही घट सगळी रिटर्नच्या कप्प्यातच दिसते. तुमचा तो कप्पा १८×३५ सेंमी, तिथे ३ लिटर म्हणजे जवळजवळ ५ सेंमी. दोन दिवसांत पंप हवा ओढू लागेल आणि टँकभर बारीक बुडबुडे होतील. त्यामुळे ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) चैनीची गोष्ट समजू नका, स्किमरसोबतच घ्या. त्याची बादली १०-१२ लिटरचीच ठेवा, म्हणजे सेन्सर अडकला तरी टँक गोडा होणार नाही.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. स्किमर खोलीतली हवा पाण्यात मिसळतो, दिवसरात्र. म्हणजे खोलीत जे उडेल ते टँकमध्ये जाईल. डासांची कॉइल, प्लगमधलं लिक्विड, झुरळांचा स्प्रे यांतली औषधं माशांना आणि कोळंबीला फार विषारी असतात. स्किमरची हवेची नळी लांब घेऊन खिडकीबाहेर सोडा, तोंडाला स्पंजाचा तुकडा लावून. याचा दुसरा फायदा एसीच्या खोलीत दिसतो. दारं-खिडक्या बंद करून चारजण झोपले की कार्बन डायऑक्साइड वाढतो, तो स्किमरमधून पाण्यात जातो आणि सकाळी पीएच ७.८ वर आलेला असतो. नळी बाहेर गेली की तो बराचसा सावरतो. फक्त पेस्ट कंट्रोल किंवा इमारतीचं रंगकाम बाहेर चालू असेल त्या दिवशी स्किमर बंद ठेवून एअर पंपाची हवा दुसऱ्या, स्वच्छ खोलीतून घ्या.

मृण्मयी_नेरूळ

नळीचं खरंच सुचलं नसतं. शेवटचा प्रश्न: टँक दिवाणखान्यात येणार, पण स्वयंपाकघर उघडं, मध्ये भिंत नाही. फोडणीच्या धुराने काही होतं का? आणि नवा स्किमर पहिल्या दिवसापासून फेस काढतो का?

कोलशेत_रीफ

होतं. तेलाचा अंश पाण्यावर बसला की फेस मोडतो, कप दिवसभर रिकामा राहतो आणि माणूस उगाच स्किमरची पातळी बदलत बसतो. तेलकट खाणं घातल्यावरही दोन-चार तास असंच होतं. पातळीला हात लावू नका, फेस आपोआप परत येतो. ओव्हरफ्लो पृष्ठभागावरचाच थर ओढतो, त्यामुळे तवंग टिकत नाही. चिमणी चालू ठेवा, आणि टँकमध्ये हात घालण्याआधी साबण, क्रीम, कणकेचं तेल नुसत्या पाण्याने नीट धुऊन टाका.

नव्या स्किमरला घरोबा करायला ३ ते ७ दिवस लागतात. सुरुवातीला एकतर फेसच नाही, नाहीतर पाणचट फेस उतू जातो. तेव्हा निचरा पूर्ण उघडा ठेवा आणि आतल्या फेसाची पातळी मानेच्या तळाशी. चहाच्या रंगाचं, घट्टसर पाणी कपात यायला लागलं की जुळलं. मानेच्या आतल्या बाजूचा चिकट थर दर दोन-तीन दिवसांनी पुसा, तो असला की फेस वर सरकत नाही. हवेच्या छिद्रात मीठ जमतं. पंधरा दिवसांनी नळीतून कपभर कोमट आरओ पाणी ओढून द्या. दर तीन महिन्यांनी स्किमरचा आणि रिटर्नचा पंप काढून एक भाग पांढरा व्हिनेगर, तीन भाग पाणी यात तासभर बुडवा, इम्पेलर बाहेर काढून. चुन्याचा पांढरा थर जुन्या टूथब्रशने निघतो. दोन्ही पंप एकाच दिवशी काढू नका.

सॉक २०० मायक्रॉनचे तीन-चार घेऊन ठेवा, दर तीन-चार दिवसांनी बदला. धुवायला नुसतं पाणी उलट बाजूने मारा, डिटर्जंट नाही. मशीनमध्ये कपड्यांबरोबर तर मुळीच नको, साबणाचा अंश कापडात राहिला की स्किमर तासाभरात उतू जातो.

भरती_ओहोटी

स्टँडचं राहिलं. पाणी, काच, दगड, वाळू, सम्प धरून सव्वातीनशे किलोच्या पुढे जाईल. घरातला स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलोच्या वापरभारासाठी धरलेला असतो आणि तुमच्या टँकचा तळ ०.४ चौरस मीटरचा. तेव्हा खोलीच्या मध्यावर किंवा बाल्कनीत नको, खाली तुळई असलेल्या भिंतीला लांब बाजू लावून ठेवा. आणि विजेचा बोर्ड सम्पच्या वर किंवा बाजूला, खाली कधीच नाही. प्रत्येक वायर सॉकेटकडे जाताना एकदा सॉकेटच्या खाली झोळ घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं खारं पाणी झोळातच ठिबकेल. त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून आधी बघून घ्या.